तुमची प्रॅक्टिस काय?

कोल्हापुरात ‘पेंटर’ हा शब्द माणसाला आडनावासारखा चिकटतो. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांनी नाटकांचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, सिनेमाचा कॅमेरा इथल्या इथं तयार केला, सिनेमे काढले. गावानं हे सगळं बघून घेतलं आणि शेवटी त्यांना ‘बाबूराव पेंटर’ करून टाकलं. मेस्त्री हे आडनाव आता फक्त पुस्तकांच्या लक्षात आहे. आमच्या आबांनी कॅमेरा केला नाही, पण शिवाजी पेठेत त्यांना हाक मारायची तर ‘ओ पेंटर’ अशीच. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, टेम्पोवरची ‘आई अंबाबाईची कृपा’, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला तेव्हा त्यांचं निम्मं काम गेलं. उरलेलं निम्मं, फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला की परत येतं.

अशा घरात एमएफए करायचं म्हणजे पोहणाऱ्याच्या घरात पाण्यावर निबंध लिहिण्यासारखं. तरी सांगितलं.

“म्हंजे काय?”

“मास्टर ऑफ फाइन आर्ट.”

“मास्तर व्हायला एटीडी पुरं की.”

“मास्तर नव्हे आबा, मास्टर.”

आबांनी ब्रश घासलेटात बुडवून झटकला. “किती वर्सं?”

“दोन.”

“मग आदली चार वर्सं काय शिकवलं?”

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता येतं. आदली चार वर्षं काढायला शिकवलं, ही दोन वर्षं बोलायला.

पण आधी फॉर्म. आमच्या गल्लीच्या तोंडाला जे नेट कॅफेवाले दादा आहेत, ते तलाठी भरतीपासून नीटपर्यंत कुठलाही फॉर्म एका हातानं भरतात. दुसऱ्या हातात चहा असतो. डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, गॅप सर्टिफिकेट, सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या फॉर्मला मात्र ते अडखळले. वीस चित्रं चढवायची होती, प्रत्येक ५०० केबीच्या आत. माझं एक चित्र पाच फूट बाय चार फूट. घरात ते ठेवायला जागा नाही म्हणून वर्षभर आईच्या कपाटामागं उभं होतं. कपाटामागं मावलं ते केबीत मावेना. दादा म्हणाले, “कडंकडंचं कापू का? मधी तर काय न्हाईच, नुसतं आभाळ हाय.”

वीस चित्रांत एक माझं आत्मचित्र होतं. त्या काळात मी पोर्ट्रेटमध्ये निम्मा चेहरा हिरवा करत असे. का, ते विचारू नका. दादांनी ते चित्र चित्रांत न चढवता ‘अर्जदाराचा फोटो’ या चौकटीत चढवलं. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं, चेहरा माझाच होता. हॉल तिकीट आलं ते हिरवं. प्रवेश परीक्षेला पर्यवेक्षकांनी एकदा तिकिटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“हे तुम्हीच?”

“हो.”

“हिरवे का?”

माझ्या आयुष्यातला तो पहिला क्रिटिक. मी घाम पुसला. तोवर ते स्वतःच म्हणाले, “बसा, या विषयाला चालतं.”

फॉर्मपेक्षा अवघड निघालं ते स्टेटमेंट ऑफ पर्पज. पाचशे शब्दांत आपण का रंगवतो ते सांगायचं. मी पहिल्या दमात लिहिलं, की माझे वडील पेंटर आहेत, मला लहानपणापासून रंगांचा वास आवडतो आणि मला अजून चांगलं काढायचं आहे. एका सीनिअरला दाखवलं. तो दोन वर्षं बाहेर शिकून आला होता, त्यामुळं त्याचे केस वाढले होते आणि वाक्यंही.

“‘चांगलं’ हा शब्द कुठंही वापरू नकोस,” तो म्हणाला. “‘सुंदर’ तर मेलास तरी नाही. आणि आवडतं-बिवडतं काढून टाक.”

मग त्यानं लिहून दिलं. माझी कलाप्रॅक्टिस स्मृती, श्रम आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या लिमिनल अवकाशाशी संवाद साधते. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, अर्थ इंटरव्ह्यू झाल्यावर बघायचा असतो. घरी येऊन मी ‘लिमिनल’ शोधला. निघाला उंबरा. म्हणजे धड आत नाही, धड बाहेर नाही. आमची आई मी रांगत होतो तेव्हापासून ओरडत आलीय, उंबऱ्यावर बसू नको म्हणून. आणि ही मंडळी म्हणत होती, दोन वर्षं फी भरून उंबऱ्यावरच बस.

इंटरव्ह्यूला पाच जण होते. विद्यापीठ परराज्यातलं आणि मोठं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या दोन-तीन सह्या मला अजून लागणार आहेत. मधल्या मॅडमनी विचारलं, “तुमची प्रॅक्टिस काय?”

आता आमच्याकडं प्रॅक्टिस डॉक्टरची असते, वकिलाची असते. पेठेत ती तालमीत असते, पहाटे पाचला. मी म्हणालो, “रोज सकाळी दोन तास स्केचिंग करतो.”

“ते नाही. तुमची प्रॅक्टिस.”

“संध्याकाळी पण बसतो थोडा वेळ.”

पाचही चेहऱ्यांवर शांतता पसरली. आपली सीट गेली, हे मला कळलं. बहुतेक मला सन्मानानं उठवावं म्हणून कडेच्या सरांनी विचारलं, की वडील काय करतात. मी सांगितलं, पाट्या रंगवतात.

आणि टेबलावर वीज आली. मॅडम पुढं सरकल्या. हातानं? अजूनही? ब्रशनं? एक जण म्हणाले ‘व्हर्नॅक्युलर’, दुसरे म्हणाले ‘सबाल्टर्न’, तिसऱ्यांनी आठवण काढली की हुसेनसुद्धा मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत. मी चटकन म्हणालो, “पंढरपूरचे ते. आमच्याच बाजूचे.” त्यावरसुद्धा माना हलल्या. आबांना तीस वर्षांत उधारी बुडवणाऱ्यांनी बरंच काही म्हणून झालं होतं, पण व्हर्नॅक्युलर कुणी म्हटलं नव्हतं. माझं पोर्टफोलिओचं फोल्डर शेवटपर्यंत कुणी उघडलं नाही. यादीत माझं नाव चौथं लागलं. खरं म्हणजे प्रवेश आबांना मिळाला होता. ते दुकान सोडून येणार नाहीत म्हणून मी गेलो.

हे झालं २०२३ सालच्या उन्हाळ्यात.

एमएफएला शिकवत नाहीत. मला हे कळायला सहा आठवडे लागले, कारण मी रोज वर्गात जाऊन बसत होतो. एक स्टुडिओ देतात, म्हणजे मोठ्या खोलीचा आठवा हिस्सा. त्यात तुम्ही आणि तुमची प्रॅक्टिस. मग अधूनमधून ज्युरी होते.

ज्युरी कशी असते ते सांगतो. भिंतीवर तुमचं काम. समोर पाच खुर्च्या. तुम्ही मधे, पण कामाला पाठ लागणार नाही आणि ज्युरीलाही पाठ दिसणार नाही, असे तिरके उभे. पहिली तीन-चार मिनिटं कुणीच बोलत नाही. कुणी चष्मा काढतं, कुणी जवळ जाऊन कॅनव्हासची कड बघतं. कड कशाला बघतात हे गूढ मला अजून उकललेलं नाही. आबासुद्धा पत्र्याची कड बघतात, पण ते गंज शोधतात. मग कुणीतरी म्हणतं, “इंटरेस्टिंग.” हा शब्द नीट ऐकायचा असतो. ‘इं’वर जोर असेल तर वाचलात. ‘टिंग’ लांबलं तर सामान बांधा. आणि ‘इंटरेस्टिंग’ म्हणून झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, तर तुम्ही निसर्गचित्र लावलेलं आहे.

मी लावलं होतं. रंकाळ्यावरची संध्याकाळ, तीन बाय दोन, पाण्यात उतरलेला केशरी रंग मिळवायला मला चार दिवस लागले होते. आमच्या गावात आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठाला बसून रंगवत. निसर्गचित्राची लाज बाळगायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून आलेले एक सर बराच वेळ बघत होते. मग हळू आवाजात, एखाद्याला दुखणं विचारावं तसं म्हणाले, “हे तुम्ही आयरनीनं काढलंय का?”

“नाही सर,” मी म्हणालो, “संध्याकाळी साडेसहाला.”

त्यानंतर मी केशरी ट्यूब दोन वर्षं उघडली नाही.

आमच्या वर्गात आठ जण. एकीनं सत्रभर रोज एकच दगड उचलून दुसरीकडं ठेवला आणि तारखांची वही केली. ती वही खरोखर चांगली होती, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्या एकानं काहीच केलं नाही. ज्युरीच्या दिवशी रिकाम्या भिंतीला ‘अनटायटल्ड’ अशी चिठ्ठी लावून तो उभा राहिला आणि चाळीस मिनिटं बोलला. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. आता मागं वळून बघताना वाटतं, त्यात अन्याय काही नव्हता. मी चार दिवस केशरी रंग मिसळत होतो तेव्हा तो वाचत होता.

मीही वाचायला लागलो. मार्सेल द्युशाँनं १९१७ साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनाला पुरुषांच्या मुतारीचं चिनी मातीचं भांडं पाठवलं, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही करून. फी भरील त्याचं काम घेणार असं म्हणणाऱ्या मंडळींनी ते लावलं नाही. मूळ भांडं हरवलं, आणि विसाव्या शतकाची निम्मी कला तिथून निघाली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मोठ्या उत्साहानं आबांना फोटो दाखवला. म्हटलं, आता भडकतील. आबांनी चष्मा वर सरकवून सहीवर बोट ठेवलं.

“अक्षर कच्चं हाय.”

“आबा, तो मुद्दा नाही.”

“एनॅमलनंच काढलंय, पर हात ठरलेला न्हाई. हे बघ, ‘एम’चा पाय कसा घसरलाय. शिकाऊ पोरगं असणार.”

शंभरेक वर्षांत या भांड्यावर लिहिलं गेलं ते एक कपाट भरेल. आबांनी पाहिलं ते त्यात कुणी लिहिलंय का, हे मी शोधणार होतो, पण लायब्ररीचं कार्ड संपलं.

जाता जाता एक. अमेरिकेत एमएफएला ‘टर्मिनल डिग्री’ म्हणतात. या विषयातली ही शेवटची पायरी, यापुढं शिकायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मला तो शब्द फार जवळचा वाटला, कारण आमच्या कोल्हापूरचं स्टेशनही टर्मिनसच आहे. मिरजेहून येणारे रूळ तिथं संपतात. गाडी पुढं कुठंच जात नाही, इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात आणि आली तशी परत पाठवतात. आपल्याकडं तर डिग्रीनंतर कॉलेजात मास्तर व्हायला नेट द्यावी लागते. तिथं चित्रकाराला कॉम्प्युटरसमोर बसवून चार पर्यायांतून एक निवडायला लावतात आणि पहिल्या पेपरात तक्ते देऊन टक्केवारी विचारतात.

दुसऱ्या वर्षी काहीतरी मोठं करणं भाग होतं. मी आबांच्याच जुन्या पाट्या मागवून घेतल्या. एकाच पत्र्यावर तीस वर्षांत पाच-पाच दुकानं येऊन गेली होती. ब्लेडनं वरचा थर हलक्या हातानं खरवडला की ‘मोबाईल रिपेअरिंग’च्या खालून ‘एसटीडी आयएसडी’ निघायचं, त्याखालून ‘पिठाची गिरणी’, आणि अगदी तळाला रेड ऑक्साइड. एका पाटीवर ‘आमचे येथे’ एवढंच तिन्ही थरांत जसंच्या तसं होतं. मिळणारी वस्तू तेवढी बदलत गेली होती. मला ते पाहून कितीतरी वेळ काही सुचलं नाही. फोनवर आबांना सांगितलं.

“म्हंजे मी रंगवल्यालं तू खरवडतोयस?”

“हो.”

“आन् त्याची डिग्री?”

मी सांगितलं, की असं आधी झालेलं आहे. रॉशेनबर्ग नावाच्या तरुण चित्रकारानं १९५३ साली डी कुनिंग या थोर चित्रकाराकडून चित्र मागून घेतलं आणि ते खोडलं. खोडायलाच आठवडे गेले. खोडलेला कागद आज म्युझियममध्ये आहे. आबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मागून घेतलं न्हवं त्यानं? तू इचारलंस?”

विचारलं नव्हतं. दुकानातल्या पोऱ्याला सांगून पाट्या एसटी पार्सलनं मागवल्या होत्या. संपूर्ण प्रबंधात ‘एजन्सी’ आणि ‘कन्सेंट’ या विषयावर मी अकरा पानं लिहिली आहेत. त्या अकरा पानांत हा फोन नाही.

प्रबंधाचीही एक गंमत झाली. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ असतं. त्यापुढं चोरीची चौकशी. माझा प्रबंध संगणकात घातला तर छत्तीस टक्के निघाले. मी हादरलो. मी तर कुणाचं काही उचललं नव्हतं. रिपोर्ट उघडला तर जागोजागी लाल. स्मृती, श्रम आणि पृष्ठभागाच्या लिमिनल अवकाशाचं माझं लाडकं वाक्य निरनिराळ्या विद्यापीठांत, निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या विषयांवर आधीच लिहून ठेवलं होतं. एक तर कसल्याशा भरतकामावर होतं. ज्या वाक्यांचा अर्थ मला नीटसा लागत नव्हता, ती सगळी लाल झाली होती. स्वच्छ राहिलं ते तिसऱ्या प्रकरणातलं एक पान. पत्रा आधी पॉलिश पेपरनं घासायचा, मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की गेरूत भिजवलेलं सूत ताणून शिरोरेघ मारून घ्यायची आणि ‘र’ला जागा कमी सोडायची, नाहीतर दोन अक्षरांत खिंडार पडतं. त्या पानावर साम्य शून्य टक्के. गाइड सरांनी नेमकं तेच पान काढायला सांगितलं होतं, फार वर्णनात्मक आहे म्हणून. आता टक्केवारी खाली आणायला तसली आणखी वीस पानं लागणार होती. मी रोज रात्री आबांना फोन करून विचारायचो आणि लिहून काढायचो. सात टक्क्यांवर आलो.

हे चालू असताना इकडं जगातही बरंच चाललं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं मॉरिझिओ कॅटेलानचं केळं लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं. आबांनी फक्त केळं जळगावचं का एवढंच विचारलं. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःहून फोन केला.

“माप किती?”

“चौदाएक फूट लांब. उंची तीन.”

पलीकडून काही वेळ नुसता श्वास आला. आबा पाट्यांचा हिशेब चौरस फुटावर करतात. “फुटाला पावणेतीन कोटीच्या वर पडलं रं,” ते शेवटी म्हणाले. “डबल हात मारला असंल.”

शेवटचं प्रदर्शन मे महिन्यात होतं. आई-आबा आदल्या रात्री निघून सकाळी पोचले. आईनं डब्यातून चटणी-भाकरी आणली होती आणि आबांच्या शर्टाच्या खिशात नेहमीप्रमाणं खडू अन् सुताची गुंडी. मी खरवडलेल्या चौदा पाट्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लावल्या होत्या आणि शेजारी माझं स्टेटमेंट, काळ्या व्हिनाइलच्या अक्षरांत, इंग्रजीत. अक्षरं गावातल्या फ्लेक्सवाल्यानंच कापून दिली होती. हे आबांना सांगितलं नव्हतं.

परीक्षक अकराला येणार होते. साडेदहाला मी आईला चहा पाजायला कँटीनमध्ये घेऊन गेलो. परत आलो तेव्हा आबा स्टुलावर उभे होते. स्टेटमेंटच्या ओळी उजवीकडं पाऊण इंच उतरल्यात हे त्यांना दारातूनच दिसलं होतं. गेरू त्यांना शिल्पकलेच्या वर्गाबाहेर सापडला. सूत भिजवून, एक टोक माझ्या वर्गातल्या त्या दगड उचलणारीच्या हातात देऊन, त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलं होतं. मी “आबा!” म्हणून ओरडलो आणि त्यांनी सूत सोडलं. फट्ट. त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर अठरा फूट लांब लाल रेघ उमटली, पाणसळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधल्या दोन पाट्यांवरून.

मागं वळलो तर दारात परीक्षक. शेजारी गाइड सर. त्यांचा चेहरा माझ्या हॉल तिकिटासारखा झाला होता.

परीक्षक बाई पुढं आल्या. रेघेकडं बघितलं, स्टुलावरच्या आबांकडं बघितलं. हळूच विचारलं, “हा परफॉर्मन्स कामाचा भाग आहे?”

दोन वर्षांचं शिक्षण अशा वेळी उपयोगी पडतं. मी “हो” म्हणालो आणि नंतर चार मिनिटं थांबलो नाही. श्रम आला, देह आला, पिढ्या आल्या, रेघ आणि तिचा इतिहास आला, उंबरा दोनदा आला. बाई ऐकत होत्या, पण लक्ष आबांकडं. शेवटी त्यांनी दुभाषा म्हणून मलाच मधे घालून आबांना विचारलं, की तुम्हाला स्वतःला या कामाबद्दल काय म्हणायचंय.

आबांनी रेघ एका डोळ्यानं निरखली. मग छताकडं बघितलं, मग जमिनीकडं.

“सूत बरोबर हाय,” ते म्हणाले. “भिंतच वाकडी हाय.”

मी भाषांतर करून सांगितलं. बाईंनी पेन काढलं आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्याखाली काहीतरी अधोरेखित केलं. गाइड सर नंतर जेवताना म्हणाले, की संस्थात्मक समीक्षेचा इतका थेट नमुना त्यांनी या इमारतीत पाहिलेला नाही. इमारत ज्या कंत्राटदारानं बांधली त्याबद्दल आबांचं मत जास्तच थेट होतं, पण त्याचं भाषांतर मी केलं नाही.

परतीच्या गाडीत आई झोपली. आबांनी खिशातून उधारीची डायरी काढली आणि हलत्या डब्यातही ठरलेल्या हातानं दोन ओळी लिहिल्या. मी वाकून वाचलं. ‘पोरगं. भिंत. अर्धी हजेरी.’ पुढं रकमेची जागा मोकळी होती.

“आकडा नाही घातला?”

“ठरवायचाय अजून,” आबा डायरी मिटत म्हणाले. “आपला रेट लावायचा का पंढरपूरवाल्याचा.”